शेवाळबाईंच्या बाटल्या

माझी बोट तळ्याच्या मधोमध अडकली असती तर निदान कुणी पाहिलं नसतं. पण नाही! काठापासून जेमतेम वीस हातांवर अडकली. बोटीच्या पंख्याला हिरवं, चिकट शेवाळ गुंडाळलं होतं. मी वाकून ते ओरबाडत होते आणि मनातल्या मनात अख्ख्या गावाचा उद्धार करत होते.

"बाई, नमुने घेताय की भाजी निवडताय?"

सांडपाणी केंद्राच्या पायऱ्यांवर एक माणूस उभा होता. निळा डगला, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, हातात लांब आकडी. आणि चेहऱ्यावर असं हसू, की वल्हं फेकून मारावं.

"मदत करायची तर करा, नाहीतर आत जा!"

"करतो की. पण ओरडू नका... मासे घाबरतात."

"मासे मेलेत! तुमच्याच पाण्यानं मेलेत!"

त्यानं मुकाट्यानं आकडी पुढे केली, बोट ओढली आणि मला उतरायला हात दिला. मी तो घेतला, कारण पायऱ्या निसरड्या होत्या. बाकी काही नाही. तो हात उबदार होता, हे माझ्या लक्षात का राहिलं कोण जाणे!

"मी इथला नवा प्रमुख. पंप, झडपा, सगळं माझ्याकडे. आणि तुम्ही?"

"तळ्याचं पाणी तपासते."

"म्हणजे शेवाळबाई!"

झालं. त्या दिवसापासून मी शेवाळबाई आणि तो पंपवाले.

आता तळं हिरवं का होतं, ते सांगते. खतं, मैला, साबणाचं पाणी वाहून येतं, त्यात फॉस्फरस असतो, आणि त्यावर शेवाळ नुसतं माजतं. म्हणून मी दर मंगळवारी तळ्याला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेते. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरसचा आकडा एकच्या खाली हवा. पंपवाल्यांचा यायचा चार. एकदा नाही, आठ आठवडे. चार!

इकडे घरी माझी आत्या. तीस वर्षं तिनं त्या तळ्यात अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. दोन महिने घाटावर 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी लागलीय आणि आत्या घरात बसलीय. बसलीय कसली, तिनं माझं कपाट तिसऱ्यांदा लावलं.

"सापडला का गं चोर?" ती रोज विचारायची.

"सापडला. कबूल होत नाही."

"दिसायला कसाय?"

"आत्या!"

चोर खरंच कबूल होत नव्हता. मंगळवारी मी आकडा दाखवायची, तो त्याची वही उघडायचा.

"आमच्या तपासणीत अर्ध्याच्या वर जात नाही."

"तुमची तपासणी! आपला तो बाब्या आणि..."

"तुमच्या शब्दाखातर तुरटी दुप्पट केली, शेवाळबाई. फॉस्फरस गोळा होऊन खाली बसतोय, डोळ्यांनी दिसतोय."

"मग माझा आकडा का उतरत नाही?"

"तुम्ही रागावून बघता म्हणून असेल..."

असं काही बोलला, की मला हसू यायचं आणि हसू आलं म्हणून आणखी राग यायचा. मी निघाले, की तो दारापर्यंत यायचा. माझ्या बुटांवरचा गाळ त्यानं पाइपानं धुऊन द्यायचा आणि मी "राहू दे" म्हणत पाय पुढे करायचा, हेही ठरूनच गेलं होतं. सोमवारी संध्याकाळीच मी उद्या कोणता सदरा घालायचा ते बघायला लागले. सांडपाण्याच्या केंद्रात जायला! कपाळावर हात मारून घ्यावा, नाहीतर काय.

आणि मग शुक्रवारी मोठ्या साहेबांपुढे बैठक ठरली. माझा अहवाल, माझी सही. त्याची नेमणूक पहिले सहा महिने तात्पुरती होती. दोष केंद्राचा ठरला, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवणार होते.

बुधवारी मी त्याला ते सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला नाही.

"लिहा. तुमचं काम आहे ते. पण माझं पाणी स्वच्छ आहे."

"अहो, पण आकडा..."

"त्या बाटलीत तुमचं ते डिस्टिल्ड वॉटर भरून बघा! तेही घाणच निघेल!"

मी तरातरा निघून आले. मला रडू येत होतं. आपल्याला आवडणाऱ्या माणसाची नोकरी आपल्याच सहीनं घालवायची आणि वर त्यानं आपल्याला खोटं ठरवायचं! बरं, म्हटलं, भरतेच. त्याच्या केंद्राच्या खोक्यातली एक रिकामी बाटली माझ्याकडे होती. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरलं, तपासलं.

तीन पूर्णांक नऊ.

पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. घाण पाण्यात नव्हती, बाटलीत होती.

गुरुवारी सकाळी मी केंद्राच्या मोरीपाशी उभी. केंद्राच्या नमुन्यांच्या बाटल्यांचं खोकं तिथल्याच फळीवर असायचं, बाकी नाल्यांच्या बाटल्या प्रयोगशाळेत. नियमाप्रमाणे दर सोमवारी जाऊन मीच त्या आम्लानं विसळायच्या. पण गेले आठ आठवडे त्या आयत्याच लख्ख मिळत होत्या. मला वाटलं, आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी येऊन धुतात. दोन तास वाचत होते, मग कोण चौकशी करतो? फळीखाली बघते तर एक ब्रश आणि साबणाच्या पावडरीचा भलामोठा पुडा. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"पंपवाले!"

तो धावत आला. पुड्याकडे बघून त्याचे कान लाल झाले.

"या बाटल्या कोण घासतं?"

"मी... दर सोमवारी. तुमचे हात आम्लानं सोलवटलेले दिसले होते. मला बघवेना."

"साबणानं?"

"चांगल्यातल्या. लिंबाचा वास आहे त्याला. वास टिकावा म्हणून थोडं कमीच विसळायचो..."

"अहो, साबणात फॉस्फरस असतो! तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा कापत होता! आठ आठवडे!"

"मला पंप कळतात हो, बाटल्या नाही कळत." मग हळूच म्हणाला, "वाटलं होतं, कधीतरी तुम्ही विचाराल... कोण घासतं म्हणून."

आता अशा माणसाचं काय करायचं? मारायचं की... जाऊ दे. मी सगळ्या बाटल्या आम्लानं विसळल्या आणि सगळ्या नाल्यांचे नमुने नव्यानं घेतले. संध्याकाळी आकडे आले. केंद्र: अर्धा. आणि सार्वजनिक बागेच्या हिरवळीतून येणारा नाला: अडीच. तिथं पोत्यांनी खत ओततात. केंद्राच्या चारपुढे तो अडीच आजवर कुणाच्या नजरेतच भरला नव्हता, माझ्यासुद्धा.

"अहवालात माझं नाव लिहा," तो म्हणाला. "साबण माझा."

"आणि नियम मोडला मी. चूक माझी आहे."

"तुम्हाला मेमो मिळेल."

"मिळू दे! तुम्ही मध्ये पडू नका. एकदा पडलात तेवढं पुरे झालं!"

शुक्रवारी मी उभं राहून सगळं वाचलं. बाटल्या केंद्राच्या प्रमुखांनी साबणानं घासल्या, मी आम्लानं विसळल्या नाहीत, जबाबदारी माझी, आठ आठवड्यांचे केंद्राचे आकडे रद्द. केंद्राचं पाणी स्वच्छ आहे, खत बागेतलं आहे. बागेचे अधिकारी खोकायला लागले. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला.

"खत आजपासून बंद. बाई, तुम्हाला मेमो मिळेल."

"हो, साहेब."

"पण एक कळलं नाही. तुमच्या बाटल्या केंद्राच्या प्रमुखानं का घासाव्यात? त्यांचं काय काम?"

मी अहवालाची पानं उलटायला लागले. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली.

"साहेब," तो उभा राहिला. निळा डगला, आणि कान पुन्हा लाल. "माझं काही काम नव्हतं. मला... मला त्या आवडतात."

सगळ्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकूनबाईंनी पेन उचललं, साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे... लिहायचं का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. नोकरी वाचली होती, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही! आठ माणसांसमोर, कागदावर! माझे गाल तापले होते आणि डोळे भरून आले होते, आणि त्याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

"लिहा!" मी म्हणाले. "आणि त्याच्याखाली लिहा, बाईंनाही ते आवडतात. पण यापुढे त्यांनी बाटल्यांना हात लावायचा नाही!"

कारकूनबाईंनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली आणि खाली आमच्या सह्या मागितल्या.