डॉजचं नवं काळीज

दसऱ्याच्या सकाळी बायजा पेणच्या घरी दाराला तोरण बांधत होती, तेवढ्यात शेजारची सीताबाई पदर सावरत धावत आली. गल्लीतला एकुलता एक फोन तिच्याकडे.

"बायजा, चल गो लवकर! रोह्यावरनं फोन हाय. हैबतरावाची गाडी पेटली. हरेश भाजलाय."

तोरण खाली पडलं. बायजाने उचललं नाही. एसटीत ती रोह्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. बायजा गप्प बसली की कुणाचं तरी काही खरं नसतं, हे अख्ख्या पेणला ठाऊक होतं.

गाडी तिच्या चांगल्याच ओळखीची होती. रोह्याचे मिठागरवाले हैबतराव, त्यांची वडिलोपार्जित अमेरिकन डॉज. लांबलचक, दोन दारांची. इंजिन जाम होऊन अठ्ठ्याऐंशी सालापासून, म्हणजे दहा वर्षं, गोठ्याशेजारी गंजत पडलेली. तिच्या मेकॅनिक पोराने, हरेशने, ती पेणला ओढून आणली, मुंबईच्या भंगार बाजारातून मोठं जपानी इंजिन धुंडाळलं आणि तिच्या पोटात बसवलं. कार्बोरेटर नाही, इंजेक्शनवालं. पावसाळाभर बायजाच्या अंगणात तेच चाललं होतं. काल खंडेनवमीला हरेश स्वतः ती चालवत रोह्याला घेऊन गेला होता.

इस्पितळात हरेशचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. दाराशी फौजदार उभा.

"पेट्रोलचा पाइप नीट आवळलेला नव्हता, बाई. हैबतरावांनी तक्रार दिलीय. इथून सोडलं की ताब्यात घेणार."

"माझा पोर पाइप ढिला ठेवील? अहो, तो पाण्याची बाटली बंद केली तरी परत आवळून बघतो!"

ती हरेशच्या उशाशी बसली.

"आये, मी नीट आवळलेला," हरेश पुटपुटला. "पेणपासून इथपर्यंत आलो, थेंब गळला नाय. सकाळी पूजेला बोनेट उघडं होतं. मालकच चालू करणार होते. म्हटलं, मी एकदा दाखवतो. चावी फिरवली, आत पिचकारी उडाली. ते कळायच्या आत स्टार्टर मारला नि पेटली. बॅटरीची वायर उपटायला हात घातला."

"इंजिन फिरायच्या आधी पिचकारी?"

"टाकीतला पंप गो. चावी फिरवली की गुणगुणतो. तू भुंगा म्हणायचीस तो. पेट्रोल आधीच जोराने ढकलतो. काल मालकांना दाखवला, पुंडलिक उस्तादांना दाखवला. उस्ताद हसले, म्हणाले, गाडीत माशी पाळलीस. ड्रायव्हर केरू तेवढा झेंडू आणायला गेलेला."

"बरं. पड तू." बायजाने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. उठली तेव्हा तिचा चेहरा विळ्याच्या पात्यासारखा झाला होता. "ज्याने हे केलं, त्याला मी उद्याचं ऊन मोकळं बघू देणार नाय. चला फौजदारसाहेब."

"कुठे?"

"पंचनामा तुम्ही गाडीचा केलात. घराचा कोण करणार?"

हैबतरावांच्या अंगणात डॉज उभी होती. नाक काळं पडलेलं, बाकी धड. इंजिनाजवळ पाइप आपल्या जागेवरून निसटून लोंबत होता. त्यावरची लोखंडी पट्टी तुटली नव्हती, जळली नव्हती. तिचा बोल्ट सैल होता, एवढंच.

हैबतराव खुर्चीतूनच गरजले, "आता काय बघायला आलात? पोराचे प्रताप?"

"व्हय. आणि तुमचे पण. गाडीवर रागवणारं घरात कोण कोण आहे?"

"माझ्या घरात? कुणी नाही. तो पुंडलिक असेल. जुन्या इंजिनातलं ऑइल काढून टाकून त्यानेच ते जाम केलेलं. तेव्हाच हाकलला त्याला."

पुंडलिक ओटीच्या कोपऱ्यात बसला होता, जबाबासाठी थांबवलेला. हरेशला हातात पाना धरायला शिकवणारा म्हातारा मेकॅनिक.

"ऑइल मी काढलं नाय, बायजा. धावीरमहाराजांची आण. कुणीतरी रात्रीतून काढलं नि नाव माझं झालं."

"मग काल का आलात इथे?"

"पोराने केलंय काय ते बघायला. जळलो, खोटं कशाला सांगू? पण त्याच्यावर हात टाकीन असा नाय मी."

बायजा माजघरात गेली. पाटावर घरातली नि हरेशची सगळी हत्यारं मांडलेली. कोयता, विळी, पाने, हातोड्या, वर झेंडू. सकाळच्या गोंधळात पूजा तशीच राहिली होती. हैबतरावांची बायको चंद्रावती दाराशी येऊन उभी राहिली.

"पूजा तुम्ही मांडलीत, वहिनी?"

"हो. काल संध्याकाळी हत्यारं सोड्याने घासली, पुसली, मग एकेकाला कुंकू लावलं."

"हरेशची पण?"

"सगळ्यांची. मग कुणी हात लावला नाही. लावतात का?"

बायजा वाकली. एक छोटा पाना तिने पदरात धरून उचलला, उजेडात फिरवला आणि फौजदाराच्या हातात ठेवला.

बाहेर ड्रायव्हर केरू ओट्याच्या पायरीवर बसला होता. तीस वर्षं याच घरची गाडी चालवणारा. डोळे लाल.

"केरू, दसऱ्याला गाडी ड्रायव्हरने काढायची. नारळ त्याचा, टॉवेल-टोपी त्याची. मग आज मालक कसे चालवणार होते?"

"मीच म्हटलं. नवीन इंजिन. मान मालकांचा."

"रात्री कुठे होतास?"

"इथेच. ओटीवर झोपलेलो."

"काय वाटतं तुला, कशी पेटली?"

केरूने मान हलवली. "तेच कळत नाय, काकू. इंजिन तापलं नाय, धड फिरलं पण नाय. न फिरता पेट्रोल येल कुठनं?"

बायजा त्याच्याकडे बघत राहिली. मग पदर खोचला.

"फौजदारसाहेब, सगळ्यांना अंगणात बोलवा. हैबतराव, खुर्ची सोडून या. माझं बोलणं उभ्याने ऐकायचं असतं."

सगळे जमले. बायजाने फौजदाराला पाना वर धरायला लावला.

"नीट बघा. हत्यार घासलं, पुसलं, कुंकू लावलं. मग कुंकू सगळ्यात वर पाहिजे. बाकी हत्यारांवर तसंच आहे. ह्या पान्यावर कुंकवाच्या वर ग्रीस बसलंय, कुंकू त्यात फासलंय. म्हणजे पूजेनंतर हा पाना वापरला. खंडेनवमीला मांडलेलं हत्यार माझा हरेश मेला तरी उचलणार नाय. त्याच्या हाताने ढिलं राहिलं असतं तर पेण सोडतानाच पेटली असती. पाइप इथे सोडलाय. काल रात्री."

"पण कुणी?" फौजदाराने विचारलं.

"ज्याला गाड्या कळतात, पण ही गाडी कळली नाय त्याने. वहिनींना पाइप कुठला ते ठाऊक नाय. उस्तादांनी आणि हैबतरावांनी पंपाचा आवाज ऐकलेला. चावी फिरवली की पेट्रोल सुटतं, हे दोघांना माहीत. पाइप सोडला तर अंगणातच पेटेल, चावीशी कोण असेल याचा भरवसा नाय, हे त्यांना कळलं असतं. पण जुन्या गाडीत कसं? इंजिन फिरेल तसं पेट्रोल थोडं थोडं येणार. पाइप सैल असला तर दोन-चार मैल गेल्यावर तापलेल्या इंजिनावर ठिबकणार. तोवर चालवणारा एकटा, रस्त्यात."

ती वळली.

"बाकी सगळ्यांना प्रश्न पडला, गाडी का पेटली. एकट्या केरूला पडला, इंजिन न फिरता, इतक्या लवकर का. दसऱ्याचा मान सोडून मालकाला चावी दिली ती पण त्यानेच."

केरूच्या ओठांचा रंग गेला.

"पंपाचं मला कुणी सांगितलं नाय," तो हळूच म्हणाला. "हरेशला लागायचं नव्हतं, काकू. देवाशपथ नव्हतं."

"मग कुणाला?"

केरूने हैबतरावांकडे बोट केलं. "ह्याला. माझी बहीण सगुणा मिठाची पाटी घेऊन बांधावरनं येत होती. हा दारू पिऊन हीच गाडी चालवत होता. मी बाजूला बसलेलो. तिला चिरडली नि मला म्हणाला, सांग, स्वतः आडवी आली. नायतर तूच चालवत होतास म्हणून सांगीन. मी सांगितलं. त्या रात्री ऑइल मी काढलं. गाडी मी मारलेली. दहा वर्षं ती मेलेली बघून जगत होतो. काल फाटकातून आत आली, तोच दणका, त्याहून मोठा आवाज. ह्याने हार घातला तिला. माझ्या बहिणीला नाय घातला."

पुंडलिकाने डोक्यावरची टोपी काढली.

बायजा केरूजवळ गेली आणि त्याच्या थोबाडीत मारली. आवाज गोठ्यापर्यंत गेला.

"ही हरेशच्या हातांची. मला येऊन सांगितलं असतंस, तर तुझ्याबरोबर मी उभी राहिले असते. चोरासारखा पाना फिरवलास नि पोर माझा जाळलास. माफी मागू नकोस, मिळायची नाय. आता फौजदारांसमोर बोल. सगुणेपासून बोल. एक अक्षर गाळलंस तर दुसरी मारीन."

हैबतराव हसले, पण हसू बसलं नाही. "गुन्हेगाराचा जबाब! जुनी, मिटलेली भानगड. साक्षीदार कोण? हाच. तेव्हा काय सांगितलंय, ते कागदावर आहे."

फौजदाराने खिशातून काढलेलं पेन हातातच थांबलं.

"बघा," हैबतराव म्हणाले. "बाई, तुमचं पोर सुटलं ना? मग जा पेणला."

"पोर सुटलं. मी सुटले नाय," बायजा म्हणाली. "तुमच्या दारूने एकीचा जीव गेला, त्याचाच जाळ माझ्या हरेशच्या हातांवर आला. तुम्हाला सोडून जाऊ?"

"मग आण साक्षीदार!"

माजघराच्या दारातून चंद्रावती पायऱ्या उतरून अंगणात आली. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. तिने तो वर घेतला नाही.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "गाडी हेच चालवत होते. रात्री मला उठवलं. बंपरला मीठ चिकटलेलं होतं, केस होते, रक्त होतं. विहिरीच्या पाण्याने मी धुतलं."

"चंद्रा!" हैबतराव ओरडले.

तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. बायजाने सरकून तिच्यासाठी आपल्या शेजारी जागा केली आणि ती फौजदाराला म्हणाली, "खुर्ची रिकामी आहे साहेब. बसून लिहा. ह्यांना उभं राहू दे."