परत आलेलं औषध

चंद्रपूरहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या लहानशा फार्मसी कॉलेजात व्हीआरचे हेडसेट आले, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद उर्वशी रामटेकेला झाला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना रुग्णाशी कसं बोलायचं हे शिकवणं तिचं काम. आजवर एक मुलगा दुकानदार व्हायचा, दुसरा रुग्ण, आणि दोघंही दात काढत बसायचे. आता मात्र डोळ्यांवर तो काळा डबा चढवला की मूल थेट औषधाच्या दुकानात, काउंटरच्या मागे उभं राहायचं. मागे औषधांचे कप्पे, वर पंखा, समोर काचेचं दार. काउंटरपुढे रुग्ण यायचे. साखरेचा आजार असलेला कारकून, दिवस गेलेली बाई, लेकराचा खोकला घेऊन आलेला बाप. मूल जे पाहायचं तेच टेबलावरच्या लॅपटॉपवर साऱ्या वर्गाला दिसायचं.

हे रुग्ण दारातून येत नसत. ते एकदम काउंटरपुढे उमटत आणि बोलणं संपलं की विरून जात. दार नुसतं शोभेचं होतं. काचेपलीकडे पांढरं, कोऱ्या कागदासारखं.

श्रावण लागला होता. खिडकीबाहेर सागाच्या पानांवर पावसाची संथ टपटप चालली होती. पोंभुर्ण्याची रंजीता हेडसेट लावून उभी होती. कारकुनाला तिने गोळ्या नीट समजावल्या, तो विरला. लॅपटॉपवर नुसतं रिकामं काउंटर उरलं, तरी रंजीता बोलतच राहिली.

"नाई आजी, एकदा विकलेलं औषध परत नाई घेता येत. नियम हाये तसा." मग थोडं थांबून, "तुम्ही कितीबी मना, नाई घेता येत."

वर्गात खसखस पिकली. रंजीताने हेडसेट काढला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"कोणाशी बोलत होतीस?" उर्वशीने विचारलं.

"ते म्हातारी बाई आली होती ना मॅडम. खाकी पाकीट घेऊन. लागलं नाई मने, परत घ्या." तिने लॅपटॉपकडे पाहिलं. "म्हणजे, तुम्हाले नाई दिसली का?"

उर्वशीला वाटलं, कंपनीने नवा रुग्ण टाकला असेल आणि लॅपटॉप अडकला असेल. औषध परत करायला येणारा माणूस प्रत्येक दुकानात येतोच. रंजीताने उत्तरही बरोबर दिलं होतं. पण जाता जाता पोरगी दाराशी रेंगाळली.

"मॅडम, त्या पाकिटावर आमच्या आजीचं नाव होतं. मशीनले कसं मालूम?"

रंजीताची आजी त्या वेळी चंद्रपुरात दवाखान्यात भरती होती. आठवड्याभरात ती बरी होऊन घरी गेली, आणि ती गोष्ट तिथंच मिटली असती.

पण उर्वशीच्या मनात कुसळ राहिलं. तिने पुण्याच्या कंपनीत फोन लावला. तिकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, औषध परत करणारा रुग्ण आमच्याकडे नाहीच. म्हातारी बाईही नाही." म्हणजे हे काम इथल्याच कोणाचं. तिला पहिला संशय आला तो प्रफुलचा. प्रफुल प्रयोगशाळेचा सहायक, यंत्रांत रमणारा, मस्करीत पटाईत. शेजारच्या खोलीत बसून माइकवर आवाज काढणं त्याला सहज जमलं असतं.

"मले काय करायचं असते मॅडम?" तो दुखावला. "पाहिजे तं हेडसेटच्या कपाटाची चाबी तुमच्याजवळ ठेवा."

तिने खरंच ठेवली. इंटरनेटची तारही काढून टाकली आणि पुढच्या वर्गाला प्रफुलला आपल्या शेजारी खुर्चीवर बसवून घेतलं.

त्या दिवशी पाळी लालसूची होती. लालसू पुंगाटी भामरागडकडचा, माडिया घरातला, अबोल पोरगा. त्याच्या गावातून फार्मसीला आलेला तो पहिलाच. लेकराच्या बापाला त्याने मोजक्या शब्दांत औषध समजावलं. मग काउंटर रिकामं झालं आणि लालसू माडिया बोलीत बोलू लागला. हळू, आदराने, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं. वर्गात कोणाला अक्षर कळलं नाही. या वेळी कोणी हसलंही नाही. उर्वशीने वळून प्रफुलकडे पाहिलं. तो तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता.

लालसूने दोन्ही हात पुढे केले, ओंजळीत काही घ्यावं तसे.

"घेतलंस?" हेडसेट काढल्यावर उर्वशीने विचारलं. "परत घ्यायचं नसतं, शिकवलं होतं ना?"

"बाई दुरून चालत आली होती मॅडम. लुगडं ओलं होतं तिचं. कसं नाई म्हणू?" तो खाली पाहत राहिला. "पाकिटावर माझ्या बापाचं नाव होतं. कोलू पुंगाटी. मले गावले जा लागते."

गावाला जाणार कसा? पर्लकोटा नदीला पूर होता, पुलावरून पाणी चाललं होतं, भामरागडचा रस्ता बंद होता. फोनही लागत नव्हता. उर्वशीला आतून वाटलं, पोराला सुट्टी हवी असेल आणि रंजीताची गोष्ट ऐकून त्याने हे रचलं असेल. तिने त्याला पाणी उतरेपर्यंत थांबायला सांगितलं.

पाणी उतरलं तेव्हा निरोपच आला. लालसूचा बाप गेला होता. हिवतापाच्या गोळ्या आणल्या होत्या, पण त्या सुरू करायच्या आधीच. तो गेला ती दुपार लालसूच्या त्या वर्गाचीच होती.

त्यानंतर हेडसेटला कोणी हात लावेना. मुलं आपसांत कुजबुजत, उर्वशी आली की गप्प होत. ज्याने घेतलं त्याचं माणूस गेलं, जिने घेतलं नाही तिचं वाचलं, असा हिशेब त्यांनी मांडला होता. उर्वशीने तो वर्गात खोडून काढला. योगायोग म्हणाली, भीती एकाची दुसऱ्याला लागते म्हणाली. पण घरी, बाबूपेठेत, बाबांच्या हृदयाच्या गोळ्या सकाळी काढून देताना तिचं लक्ष त्यांच्या श्वासाकडे जायचं. वामनराव वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून दोघंच घरात.

"काऊन अशी पाहून राह्यली?" ते विचारायचे.

"काही नाही बाबा. गोळी घ्या."

शेवटी तिने ठरवलं, आपणच लावून पाहायचं. मुलांसमोर, भरदुपारी. काही दिसलं नाही तर भीती जाईल, आणि दिसलंच तर नियम पाळायचा.

रंजीता पहिल्या बाकावर होती, प्रफुल लॅपटॉपजवळ. उर्वशीने हेडसेट चढवला. दुकान उजळलं. कारकून आला, बोलला, विरला. मग पंख्याचा आवाज थांबला. आत पंख्याचं नुसतं चित्र फिरत होतं, आवाज खऱ्या खोलीतल्या पंख्याचा होता. तो खरा पंखाच थांबला होता.

बाई काउंटरपुढे उभी होती.

बाकीच्या रुग्णांची तोंडं गुळगुळीत असत, ओठ शब्दांच्या मागे हलत. हिच्या ओठांवर घामाचे बारीक थेंब होते. डोईवरचा पदर ओला होता. श्वास लागला होता तिला. आणि उर्वशीला वास आला, पावसात भिजलेल्या सुती कापडाचा. डोळ्यांवरच्या डब्यातून वास येत नाही, हे ती स्वतःला बजावत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "हे परत घ्या. लागलं नाई."

तिने खाकी पाकीट काउंटरवर ठेवलं. नाव खालच्या बाजूला होतं.

उर्वशीच्या डोळ्यांपुढे बाबांचं नाव उभं राहिलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"विकलेलं औषध परत घेता येत नाही."

"पाहून तं घ्या एकदा."

"नाही. पाहणार नाही. घेऊन जा."

बाईला राग आला नाही. तिने पाकीट उचललं, पदराने पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "मंग घरी देऊन येते."

ती वळली. दाराकडे चालत गेली. काचेचं दार तिने ढकललं आणि ते उघडलं. पलीकडे पांढरं नव्हतं. ओला रस्ता होता.

उर्वशीने हेडसेट ओढून काढला.

वर्ग टक लावून लॅपटॉपकडे पाहत होता. पडद्यावर रिकामं दुकान होतं.

"मॅडम," रंजीता हळूच म्हणाली, "ते दार काऊन उघडं हाये?"

उर्वशी व्हरांड्यात धावली. तिने घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली.

"हालो," बाबांचा आवाज आला. दमलेला नाही, घाबरलेला नाही. नेहमीचा.

"बाबा, बरे आहात ना?"

"मले काय झालं? मस्त बसलो हाव."

"घरी कोणी आलं होतं का?"

"आली होती एक बाई. तुझ्या कालेजातली असन. ओलीचिंब. बस मनलं तं बसली नाई."

"काही दिलं तिने?"

"पाकीट देलं एक. घेतलं म्या."

"बाबा, ते ठेवू नका. फेकून द्या. तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या, छातीत जरा जरी दुखलं तरी..."

"माझं नाई ते," बाबा म्हणाले.

फोनमधून कागदाचा आवाज आला. ते चष्मा लावून पाहत असावेत.

"तुझं नाव हाये याच्यावर. पूर्ण नाव. उर्वशी वामनराव रामटेके."

मग त्यांनी अगदी जपून, तिला वाईट वाटू नये अशा आवाजात विचारलं,

"तुले कोणत्या गोळ्या चालू हायेत गं पोरी? मले तं सांगतलं नाई तू."