गालात थांबणारा झोत

"डाव्या गालातून आत शिरलेला झोत उजव्या कानातून बाहेर नाही का येणार? मग मला ऐकू कसं येईल? मी नाही जायची त्या खोलीत!" कस्तुरीने पाय आपटत जाहीर केलं.

तिच्या गालात ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाची गाठ होती (स्नायू व्हायला निघालेल्या, पण मोठं व्हायचंच विसरलेल्या पेशींचा दुर्मिळ कर्करोग). औषधांनी गाठ लहान झाली होती. आता पाळी प्रोटॉनच्या झोताची (अणूच्या गाभ्यातल्या इवल्याशा कणांची). आईचं समजावून झालं, लाडीगोडी झाली. शेवटी ती म्हणाली, "ढब्बू, आता तूच बघ रे बाबा!"

ढब्बू म्हणजे मुलांच्या वॉर्डातला गोलमटोल यंत्रमानव. त्याने कॅरम मांडला आणि मधोमध नुसती राणी ठेवली.

"कस्तुरीताई, स्ट्रायकर राणीला टेकून थांबला पाहिजे. किती जोर लावायचा, ते मी मोजतो. झोताचंही तसंच. प्रोटॉन वेगात असतो, तेव्हा वाटेतल्या पेशींना थोडीशीच ऊर्जा देतो. घाईतला पाहुणा कसा, दारातूनच 'बरंय ना?' म्हणून पळतो! पण थांबायला आला, की उरलेली सगळी ऊर्जा तिथेच रिती करतो. पुढे जातच नाही."

"थापा!" कस्तुरी म्हणाली, आणि त्याची पाठ वळताच तिने बोर्डावर मूठभर पावडर ओतली.

ढब्बूने नेम धरून मारलं. स्ट्रायकर सुसाट गेला आणि राणी उडून थेट आईच्या चहात!

"अगं बाई!" आई ओरडली. कस्तुरी पोट धरधरून हसली.

"लबाडी! ही पावडर मी हिशेबात धरलीच नव्हती," ढब्बू कुरकुरला.

हसता हसता कस्तुरी एकदम थबकली. "म्हणजे वाटेत काय आहे ते ठाऊक नसलं, तर झोतही पुढे जाईल?"

"जाईल ना! म्हणून तर तुझा स्कॅन काढला. कुठे कातडी, कुठे हाड, किती जाड, सगळं मोजलंय. पण तू हललीस तर?"

"मोजलेलं चुकेल." तिने गाल चाचपला. "म्हणून तो डोकं हलू न देणारा जाळीचा मुखवटा होय!"

"म्हणूनच. गाल लाल होईल, तोंडात आग होईल, खोटं नाही सांगत. पण उजव्या कानापर्यंत झोत पोचायचा नाही."

कस्तुरी स्वतःच ढब्बूला घेऊन झोताच्या त्या खोलीत गेली, टेबलावर आडवी झाली.

"ढब्बू, त्या विसरभोळ्या पेशींना मोठं व्हायला कुणी शिकवत का नाही?"

"शास्त्रज्ञ खटपट करताहेत. अजून पुरतं जमलेलं नाही."

"मग मी शिकवीन. आता गप्प बस हं, मला हलायचं नाहीये."