उंटांना पाणी

“आमेन झालं असंल, तर पाणी घ्या.”

सुकन्यानं डोळे उघडले. एसटी कंधारच्या अलीकडं एका फाट्यावर थांबली होती, बॉनेटमधून वाफ निघत होती, आणि समोर एक उंच, सावळा पोरगा पाण्याची बाटली धरून उभा होता.

“तुम्हाला कसं कळलं, मी प्रार्थना करत होते?”

“भरल्या गाडीत डोळे मिटून ओठ हालवणारी पोरगी एक तर परीक्षेला निघालेली असती, न्हाई तर आपल्या मंडळीतली. जय ख्रिस्त. मी शांतवन.”

“आणि परीक्षेलाच निघालेली असते तर?”

“तर पाण्यासोबत पेनपण दिला असता.”

हसू आवरत तिनं बाटली घेतली. तो तिथं रेंगाळला नाही. खालचा पाण्याचा कॅन उचलून पुढं गेला आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागला. खिडकीतून ते पाहिलं मात्र… सुकन्याची छाती धडधडायला लागली.

आता त्याचं कारण सांगायलाच हवं. लातुरातल्या तिच्या घरात देवाकडं खूण मागितल्याशिवाय पान हलत नसे. पपांनी प्लॉट घेतला तो खूण मागून. आत्यानं गुडघ्याचं ऑपरेशन टाळलं तेही खूण मागून. आत्या अजून लंगडते, तो भाग वेगळा. आणि बायबलात ती जुनी गोष्ट आहेच. मालकाच्या मुलासाठी बायको शोधायला निघालेला नोकर विहिरीवर थांबून देवाला म्हणतो, जी मला पाणी देईल आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजेल, तीच ती. आत्यानं हीच खूण सुकन्याच्या नवऱ्यासाठी ठरवून टाकली होती. लातुरात उंट कुठून आणायचे, एवढाच काय तो प्रश्न होता. त्या दुपारी नांदेडला मावसबहिणीच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला जाताना सुकन्यानं डोळे गच्च मिटून तेच मागितलं होतं. आणि उंट आला होता, लाल रंगाचा, वाफा सोडत.

नांदेड येईपर्यंत दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले होते. तो किनवटला निवासी शाळेच्या वसतिगृहात वॉर्डन होता. ती लातुरात एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मग फोन सुरू झाले.

“काय करून राहिले?” ती त्याच्याच बोलीत विचारायची.

“पोरांच्या डोक्यातल्या उवा काढून राहिलो. तुम्ही?”

“मी लोकांचं रक्त काढतेय.”

“अरेरे… म्हणजे माझंच काम बरं म्हणायचं.”

प्रेमात पडायला माणसाला फार काही लागत नाही. तिला एवढं पुरलं. त्याचा फोन आला नाही की तिला जेवण गोड लागेना.

नाताळाच्या आधी शांतवन लातूरला रीतसर आला. चहा झाला, चिवडा झाला. आत्यानं पदर सावरून बसची गोष्ट सगळ्यांना सांगितली, जणू स्वतः खिडकीत बसली होती. “आणि कुणी न सांगता, बरं का… कुणी न सांगता पोरानं गाडीला पाणी पाजलं!”

शांतवननं कप खाली ठेवला.

“आत्या, एक सांगू? ड्रायव्हरनं सगळ्या गाडीला हाक मारली होती, कुणी पाणी आणता का म्हणून. त्यानं सांगितल्यावर मी गेलो.”

सुकन्यानं ती हाक ऐकलीच नव्हती. देवाशी बोलण्यात ती इतकी दंग होती.

पपा वाईट माणूस नव्हते. पण ते हळूच म्हणाले, “मग खूण पुरी झाली न्हाई, बाळा. देवाची इच्छा न्हाई.”

फाटकापाशी ती त्याच्यावर चिडली. डोळ्यांत पाणी आलं होतं. “गप्प बसता आलं नसतं का हो तुम्हाला? एकदा?”

“आलं असतं की. मग जन्मभर गप्प बसावं लागलं असतं.”

आणि तो गेला. मागं वळून पाहिलंही नाही… पाहिलं असतं तर ती धावली असती.

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर तिनं तिथल्या पाळकबाईंना गाठलं. म्हणाली, आता दुसरी कुठली खूण मागू?

“अगं, देवानं खूण दिली न्हाई, पण डोकं दिलंय ना? ते कधी वापरणार?” पाळकबाई म्हणाल्या. “प्रार्थना कर. चार शहाण्या माणसांना विचार. मग डोळे उघडे ठेवून जा अन् माणूस बघ.”

ती किनवटला गेली. पोरीला एकटं धाडवेना म्हणून पपाही निघाले. तिनं वसतिगृह पाहिलं, स्वयंपाकीणबाईंना विचारलं, तिथल्या पाळकांना विचारलं. तो कधी चिडतो, कुणावर चिडतो, दारूबिरू… सगळं. गावात लॅब आहे का, तेही पाहून आली. किनवट तिला काही फार आवडलं नाही. वीज जात होती, मोबाईलला रेंज मिळेना. हा माणूस सकाळी कुणाशी धड बोलत नाही, हेही कळलं. हे सगळं तिनं देवापुढं मांडलं, पण या वेळी मागितलं काहीच नाही. सांगितलं फक्त.

परतीच्या दिवशी तिघं स्टेशनवर आले. पपा बाकावर डोळे मिटून बसले. शांतवन जरा लांब उभा होता. ती त्याच्यापाशी गेली.

“ड्रायव्हरनं सगळ्यांनाच हाक मारली होती ना?”

“हाव.”

“मग उठलं कोण कोण?”

तो गोंधळला. “मीच की.”

“तेच म्हणते मी. न सांगता करणारे थोडे असतात, कबूल. पण सांगितल्यावर करणारेही काही लई नसतात. आणि हातात आलेली पोरगी खरं बोलून घालवणारा तर मी एकच पाहिलाय.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हणजे… हो समजू?”

“समजू नका. हो म्हणतेय मी. पूर्ण शुद्धीत.” मग ती हळूच म्हणाली, “लई आवडता तुम्ही मला. आता ती बॅग उचला, गाडी यायली.”

त्यानं बॅग उचलली. ती बाकापाशी आली.

“पपा, आमेन झालं असंल तर उठा.”

पपांनी एक डोळा उघडला. बॅग घेऊन उभ्या शांतवनकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “पोरी… त्याला बॅग उचलायला कुणी सांगितलं?”

सुकन्या हसली.

“मी सांगितलं, पपा.”

पपांनी मोठा सुस्कारा सोडला. मग गुडघ्यावर हात टेकत उठले आणि शांतवनला म्हणाले, “जावईबापू, ती पिशवीपण घ्या.”