जवळच्या हाताचा रंग

दर गुरुवारी दुपारी डबा खाऊन झाला की ठिणगी हॉस्पिटलमध्ये जायची, मेमरी कार्ड आणायला. स्टुडिओपासून चालत दहा मिनिटं. लिफ्ट नेहमी वरच कुठेतरी अडकलेली, म्हणून तीन जिने चढून.

ठिणगी हे तिचं खरं नाव नव्हे. स्टुडिओच्या मालकांनी ते ठेवलं होतं. कामावर लागली त्याच आठवड्यात एका नवरीचे काका येऊन म्हणाले होते, "मुलीला फोटोत जरा बारीक करा." ही म्हणाली, "करते की. पण मग घरी नेताना ओळखणार कशी?" काका तणतणत गेले आणि नाव चिकटलं.

तिसऱ्या मजल्यावर, प्रसूतीच्या वॉर्डाच्या अगदी टोकाला एक खोली होती. तिच्यात पाळणा नव्हता. ज्यांचं बाळ श्वास न घेताच जन्माला आलं, त्या आयांना तिथे ठेवत. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. आईची इच्छा असली तर त्या बाळाचा फोटो काढायच्या. खिडकीजवळ, पडदा अर्धा ओढून, आईच्या हातावर बाळ. मग ते फोटो ठिणगीकडे यायचे. ती ते बघण्याजोगे करायची.

बघण्याजोगे म्हणजे खोटे नव्हेत, हे ती सगळ्यांना ठासून सांगायची. डोळे उघडून द्यायचे नाहीत, हसू चिकटवायचं नाही. ओठांवरचा जांभळा रंग उतरवायचा, गालावरचे डाग फिके करायचे, पडद्याच्या उजेडात किंचित पिवळा मिसळायचा, कडेचं पलंग-सलाइन अंधारात सोडून द्यायचं. दुःख तसंच ठेवायचं आणि भीती तेवढी काढायची. आणि सर्वांत शेवटी, त्या करड्या चेहऱ्यावर कातडीचा रंग हलक्या हाताने भरायचा. तो रंग कुठून घ्यायचा, याचा नियम मालकांनी तिला शिकवला होता. "बाहेरून आणशील तर बाहुली दिसेल. त्याच फोटोतली जवळची कातडी बघायची, तिथून उचलायचा. उजेड एकच असतो ना."

जवळची कातडी म्हणजे आईचा हात. ठिणगी कॉम्प्युटरवर तिथे रंग टिपायचा ड्रॉपर टेकवायची, रंग उचलायची. पुन्हा तीच जागा सापडावी म्हणून एका वेगळ्या थरावर तिथे बारीकसं वर्तुळ काढून ठेवायची. पहिल्या तीन बाळांच्या वेळी ती रडली होती. नंतर आतली तोटी कुणीतरी घट्ट बंद केल्यासारखं झालं.

त्या गुरुवारी सिस्टरनी कार्ड दिलं, पण हात मागे घेतला नाही.

"एक विचारू? हसू नकोस."

"विचारा."

"तू त्या आयांच्या हातांना काही करतेस का गं... फोटोत?"

"हातांना? काही नाही. नुसता रंग उचलते. का?"

सिस्टरनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यावर पेनाने तीन पंजे गिरवले होते, लहान मुलं पाटीवर गिरवतात तसे. प्रत्येक पंज्यावर एक गोल.

"तपासणीला आल्या होत्या तिघी. जिथे टोचलं तरी कळत नाही, तिथे गोल काढा म्हटलं. या मधलीचं बोट शेगडीवर भाजलं. वास आला तेव्हा कळलं तिला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"धक्का बसलाय म्हणतात. दुःखाने होतं असं."

"मग झालं तर! सिस्टर, तुम्ही शिकलेल्या ना? तुम्हीच असं बोलायला लागलात तर..."

"शिकलेली आहे म्हणूनच कागदावर काढून आणलं," सिस्टर म्हणाल्या.

ठिणगीने तो कागद पर्समध्ये कोंबला. स्टुडिओत येईपर्यंत ती मनातल्या मनात सिस्टरशी भांडत होती. रंग उचलल्याने फोटोतलं काही कमी होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आरशात तोंड बघितलं म्हणून चेहरा झिजतो का?

तिने तिघींच्या फाइली उघडल्या. कागद स्क्रीनशेजारी धरला. पहिलीचा गोल अंगठ्याखालच्या उंचवट्यावर होता. फाइलीतलं वर्तुळही तिथेच. दुसरीचं तर्जनीच्या शेवटच्या पेरावर. तिथेच. तिसरीचं मनगटाच्या आतल्या बाजूला...

मग तिने मूळ फोटो उघडले. कॅमेऱ्यातून आले तसे, कुणीही हात न लावलेले. अंगठ्याखाली, पेरावर, मनगटावर, प्रत्येक हातावर एक करडा ठिपका होता. विझलेल्या राखेसारखा. काम करताना तो तिथे नव्हता. असता तर तिथून रंग उचललाच नसता तिने.

मालक मागून डोकावले. "काय गं, भूत दिसलं का?"

"नाही. यांच्या हातांवरचा रंग गेलाय."

"स्क्रीन म्हातारी झालीय. माझ्यासारखीच," म्हणून ते हसत निघून गेले.

या माणसांना काही सांगायला जावं तर हे असं. ठिणगीने कार्ड न उघडता परत नेऊन दिलं. "यापुढे माझ्याने व्हायचं नाही," म्हणाली. सिस्टरनी कारण विचारलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ठिणगीची ताई त्याच टोकाच्या खोलीत आली.

नऊ महिने भरले होते. सगळं नीट चाललं होतं. भावजी बोटीवर नोकरीला. त्यांना पोचायला अजून महिना होता. खोलीत ताईबरोबर दोघींची आई, ठिणगी आणि सिस्टर एवढ्याच. बाळ मुलगा होता. ताईने डावा हात त्याच्या डोक्याखाली घातला, ठिणगीने टॉवेलचं टोक धरलं, आणि सिस्टरनी एकच फोटो काढला. ताईनेही आपल्या फोनवर दोन काढले.

ते दोन घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले.

"तू पुसलेस?" ठिणगीने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"पुसले. रोज उठून तेच बघत बसणार का ती? आमच्या वेळी तर दाखवतसुद्धा नव्हते. चार दिवसांत बाई कामाला लागायची."

"तुमच्या वेळचं पुराण पुरे झालं, आई. ताईला विचारलंस का?"

"आईला विचारावं लागत नाही," आई म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

उरला सिस्टरचा एक फोटो. ताईने तो ठिणगीच्या कॉम्प्युटरवर बघितला. एकदाच. मग तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. नवव्या दिवशीही ती तशीच होती. झोप नाही, घास नाही, दोन घोट पाणी. ओठांना पापुद्रे सुटलेले.

"मला त्याची भीती वाटते गं," ती भिंतीला म्हणाली. "माझ्याच बाळाची. डोळे मिटले की तोच चेहरा येतो. करडा... मी आई आहे की कोण आहे? तू इतक्या जणींना करून दिलंस. मला एकदा त्याच्याकडे नीट बघू दे. बस."

ठिणगीने तिला सगळं सांगितलं. कागद, गोल, राखेचे ठिपके.

"मग माझ्या हातातून घे. मला तसंही काही लागत नाहीय आता."

पण फोटोत ताईचा डावा हात बाळाच्या डोक्याखाली होता. जगात तेवढ्या एका हाताला त्याचं वजन माहीत होतं. ठिणगीची छाती झाली नाही.

आधी तिने मालकांचा नियम मोडून पाहिला. दुसऱ्याच एका फोटोतल्या झोपलेल्या बाळाचा रंग आणला. ताईने पाहिलं आणि म्हणाली, "हा कोण? हा माझा नव्हे." तिसऱ्या प्रयत्नानंतर तर बघायलाही तयार होईना. त्या संध्याकाळी पाणीसुद्धा तिच्या पोटात ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठिणगी स्टुडिओत एकटी बसली. बाहेरच्या खोलीत मालक कुणाला तरी पासपोर्टच्या फोटोसाठी "हनुवटी खाली, खाली" म्हणत होते. तिने फोटो मोठा केला. कडेला टॉवेलचं टोक दिसत होतं आणि ते धरलेला हात. तिचा स्वतःचा, डावा, मनगटापर्यंत. त्याच खिडकीचा उजेड त्याच्यावरही पडला होता.

तिने ड्रॉपर आपल्या हाताच्या पाठीवर टेकवला.

दुखलं नाही. गारही वाटलं नाही. उजव्या हाताने ती रंग भरत गेली. कपाळ, गाल, कानाच्या पाळ्या. जरा कमी पडला की हातावरच्या नव्या जागेवरून पुन्हा उचलायची. सावल्या थोड्या मोकळ्या केल्या, उजेडात पिवळा सोडला. तासाभराने स्क्रीनवर एक बाळ होतं, दूध पिऊन पेंगुळल्यासारखं. डावा हात मांडीवर होता, एवढं तिला डोळ्यांनी कळत होतं.

ताईने प्रिंट हातात घेतली. बराच वेळ बघितलं. मग रडली, अगदी मोकळं, नाक पुसत. त्या रात्री ती जेवली आणि झोपली. फोटो चौकटीत घालून खिडकीत, उजेडाला ठेवला.

"बघ," आई दोन दिवसांनी ठिणगीला म्हणाली, "विसरलं की माणूस ताळ्यावर येतं. मी सांगत होते तुला."

एरवी ठिणगीने छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आता तिला नुसतं आठवलं की इथे आपण भांडायचो. पण कुठून सुरुवात करायची, ते सापडलं नाही. चहाचा कप डाव्या हातात धरून ती बसून राहिली. आईनेच ओरडून तो काढून घेतला. तळहातावर फोड आला होता. फोडाकडे ती दुसऱ्याच कुणाच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली.

फोटो खिडकीत ठेवल्यापासून अकराव्या दिवशी रविवार होता. जेवणं झाली. आई आतल्या खोलीत आडवी झाली आणि तिने दार लोटून घेतलं. बाहेर या दोघीच. ताई जवळ सरकली. तिचे गाल भरले होते, केस विंचरलेले होते. डोळे मात्र फार चकाकत होते.

"एक दाखवू? ओरडू नकोस."

तिने खिडकीतला फोटो आणला.

"याची नखं बघ."

नखं वाढली होती. बोटांच्या टोकांपुढे गव्हाएवढी पांढरी कड आली होती. ठिणगीने फोनवरची आपली फाइल उघडली, त्या दुपारी जतन केलेली. तिच्यातही वाढली होती.

"चांगलं आहे ना?" ताई कुजबुजली. "वाढतोय तो. पण काल गाल पुन्हा फिके पडायला लागले... अजून थोडा रंग लागणार गं."

ठिणगीने आपला उजवा हात बघितला. ताईनेही बघितला आणि मान हलवली.

"तो नको. तू काम कशाने करशील? मी विचार केलाय." तिने दाराकडे नजर टाकली. "आईचा घेऊ."

"आईचा?"

"तिनेच पुसले ना माझे फोटो? विचारलं होतं का मला? मग आपण तरी कशाला विचारायचं? म्हातारं माणूस. हाताला मुंग्या आल्या तर वयावर ढकलेल. काल दुपारी झोपली होती तेव्हा मी त्याच्या फोटोची चौकट तिच्या उशाशी ठेवली आणि दोघांचा एकत्र फोटो काढला. एकाच उजेडात. असंच लागतं ना तुला?"

ठिणगीला धक्का बसायला हवा होता. ती त्याची वाट बघत राहिली. तो आला नाही. ताईचं डोकं चांगलं चालतं, एवढंच तिच्या मनात आलं. उजेडही बरोबर साधला होता.

"दे इकडे," ती म्हणाली.

फोटोत आई कुशीवर झोपली होती. उशाशी चौकट. पलंगाच्या कडेवरून आईचा हात खाली लोंबत होता, सुरकुतलेला, उन्हात उजळलेला. जागा शोधायला ठिणगीने फोटो मोठा केला. पेरं... पंजा... मनगट...

मनगटावर करडा डाग होता.

"ताई, हा फोटो तू कुणाला दिला होतास?"

"कुणाला देणार? तुझ्याशिवाय हे येतंय कुणाला?"

"उघडला होता कुणी?"

"नाही गं. का?"

ठिणगीने अजून मोठा केला. तो एक डाग नव्हता. पाच होते. एका बाजूला चार, ओळीने, मुगाच्या दाण्याएवढे. पलीकडून एक. आणि प्रत्येकाच्या टोकाशी कातडीत रुतलेली चंद्रकोरीसारखी बारीक रेघ.

ताईने पुढ्यातली चौकट उचलून उजेडाकडे धरली. "अगं, बघ ना," ती हरखून म्हणाली, "काल उगीच घाबरले मी. गाल कसे लालचुटुक झालेत..."

तेवढ्यात लोटलेल्या दाराआडून आईचा आवाज आला. झोपेतला, जरासा त्रासलेला, पण लाडातला.

"कोण आहे रे... सोड ना आता हात."