दंव न धरलेली जागा

एफी ड्रमंडने सकाळी साडेआठला सफरचंदाच्या झाडाला पक्ष्यांसाठी चरबीचा गोळा टांगला, वाटीत साखरेचं पाणी ओतलं आणि पाय आपटत ती घरात आली. परसातलं गवत दंव गोठून पांढरंफटक पडलं होतं. जुलैच्या या आठवड्यात, इकडच्या ऐन हिवाळ्यात, ओटाउटाऊ गावातली निम्मी म्हातारी माणसं हेच करतात. रोज नऊ ते दहा तासभर खिडकीत बसून परसातले पक्षी मोजायचे. उडून परत आलेला पक्षी दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून एका नजरेत जास्तीत जास्त दिसतील तेवढेच लिहायचे. आणि तास संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

एकतीस हिवाळे तिने हे आर्चीबरोबर केलं होतं. तो आकडा सांगायचा, ती लिहायची. एप्रिलमध्ये आर्ची गेला आणि मुलगी मोराग घर विकायच्या मागे लागली. शेवटी एफीने पैजच लावली.

"आठवडाभर एकटी बसून मोजणी पुरी करते. एक दिवस जरी चुकले, तर खुशाल विक."

"आणि मध्येच रडत फोन केलास तर?"

"तरी तूच जिंकलीस. पण आशेवर राहू नकोस."

सोमवारी डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले सतरा चष्मेवाले, नऊ चिमण्या, एक नाचण. वहीतल्या झाडांच्या रकान्यात तिने लिहिलं, 'कॅमेलियाला तीन कळ्या.' मग थोडं थांबून, 'कुंपणापाशी दोन पावलांएवढ्या जागेत दंव नाही.' तेवढंच गवत ओलं, हिरवंगार होतं.

मंगळवारी ती हिरवी जागा रुबार्बच्या वाफ्यापाशी होती. बुधवारी कपडे वाळत घालायच्या तारेखाली. मधल्या गवतावर एक ठसा नाही, जिथे तिथे पांढरं. एफीला भीती वाटली नाही, उलट ती काचेकडे झुकली. तारेखाली उभं राहून पाइप ओढायची आर्चीची सवय अख्ख्या गल्लीला ठाऊक होती.

"ये बाबा, सावकाश ये," ती काचेशी पुटपुटली. "तुला कधी कसली घाई होती?"

गुरुवारी चष्मेवाल्यांचा थवाच्या थवा उतरला आणि हवेत बसला.

थंडीत ते फांदीवर अंगाला अंग लावून बसतात, तसेच बसले. आज तार सोडून घराकडे सरकलेल्या त्या हिरव्या जागेच्या वर, दोन हात लांब रांगेत. तिथे ना फांदी होती ना तार. एफीने बावीस मोजले. 'कुठे बसले' या रकान्यापाशी पेन अडलं. मग तिचं लक्ष उंचीकडे गेलं. रांग जेमतेम बादलीच्या काठाएवढी उंच होती. आर्ची सहा फूट दोन इंच. जन्मभर परसदाराच्या चौकटीवर डोकं आपटत आला. जे तिथे होतं ते फार बुटकं होतं, नाहीतर ओणवं होऊन येत होतं.

तो आर्ची नव्हता. तरी दहाचा ठोका पडेपर्यंत ती जागची हलली नाही.

संध्याकाळी मोरागचाच फोन आला.

"आवाज का असा येतोय तुझा?"

"तोंडात चीज रोल आहे."

"आई, खरं सांग... कोणी आलंय का तिथे?"

एफीच्या ओठांवर आलं होतं, गाडी घेऊन आत्ता ये. पण मग घर गेलंच. "आलेत ना," ती म्हणाली, "बावीस चष्मेवाले. ठेव फोन, शेगडीत लाकूड घालायचंय."

शुक्रवारी हिरवी जागा पायरीपासून दोन हातांवर होती. शनिवारी पायरीच्या दगडावर, दाराला अगदी खेटून, तसाच दंव नसलेला ओला डाग. त्या दिवशी तिने कडी लावली आणि वर खुर्चीही लावून ठेवली.

रविवारी परसातलं गवत सगळं पांढरं होतं. हिरवी जागा कुठेच नव्हती. एफीने सुटकेचा निःश्वास टाकला, चहा ओतला, वही उघडली. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. चरबीचा गोळा तसाच लोंबत होता. एक पक्षी नाही, एक किलबिल नाही. स्वयंपाकघरात ओल्या मातीचा आणि भिजलेल्या लोकरीचा वास येऊ लागला.

साडेनऊला ते एकदम आले. सगळे बाहेरच्या कठड्यावर, छाती काचेला लावून, मुकाट. त्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. एफीकडे नाही... तिच्या खुर्चीशेजारी, खाली.

तिने त्या बाजूला पाहिलं नाही. उठून पळावं म्हणून पाय शिवशिवत होते, पण अजून अर्धा तास होता, आणि त्या अर्ध्या तासात तिचं घर होतं.

"एक... दोन... तीन..." ती मोठ्याने मोजू लागली. आवाज कापत होता, आकडा चुकत नव्हता. त्रेचाळीस. "बसायचं तर बस," ती कुजबुजली. "पण दहापर्यंत... मला हात लावू नकोस."

दहाला पक्षी एकदम उडाले.

अकराला मोराग आली. वही चाळली आणि आईला घट्ट मिठी मारली.

"म्हातारे, हरले बाई मी तुझ्यापुढे. विकायचं नाव नाही काढणार पुन्हा."

"वचन?"

"वचन. मरेपर्यंत राहा इथेच." जाता जाता तिने बाहीने खिडकी पुसली. "काय वाफ धरते गं काचेवर... इथे तुझी, ती कळते. पण ही दुसरी, इतकी खाली कशी?"

गाडी कोपऱ्यावर वळली. घर आता तिचं होतं, जन्माचं. एफी दारातच उभी राहिली, खिडकीपासून चांगली चार पावलं लांब. स्वच्छ पुसलेल्या काचेवर, आतल्या बाजूने, अगदी खालच्या कोपऱ्यात, वाफेचा एक लहानसा गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला, आणि या वेळी जरा वर.