चढतं मचाण

सप्टेंबर सरत आला की मिशिगनच्या उत्तर टोकाला माणसांचे दोनच प्रकार उरतात. एक, हरणांच्या शिकारीसाठी झाडावर बसणारे. दुसरे, झाडावर बसणाऱ्यांसाठी स्वयंपाक करणारे. रॉय साल्मेला हा वयाची साठी उलटेपर्यंत पहिल्या प्रकारात होता. मग त्याचा गुडघा बदलला, आणि मेहुणा लेस्टर त्याला येता-जाता विचारू लागला, "रॉय, स्ट्यूत आधी गाजर घालायचं की बटाटा, पाठ केलंस ना?"

या विचारण्यात नुसती थट्टा नव्हती. जंगलातल्या त्यांच्या कॅम्पचा कायदाच होता. ज्याला चढवत नाही, त्याने कॅम्पशेजारच्या लाकडी पेटीत बसायचं. पेटीला खिडकी होती, आत शेगडी होती, गादीची खुर्ची होती. तिला सगळे 'पेन्शनर पेटी' म्हणत. पेटीत बसणाऱ्याने सगळ्यांचं जेवण करायचं, आणि एकदा पेटीत गेलेला माणूस पुन्हा झाडावर गेल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. रॉयने काउंटीच्या रस्ते खात्यात खुर्चीवर बसून आयुष्य काढलं होतं. आता जंगलातही खुर्चीच नशिबी यावी, हे त्याला मान्य नव्हतं.

म्हणून तो बर्निसच्या दुकानात गेला. खिळे, बिजागऱ्या आणि हरणाच्या शिकारीचं सामान विकणारी बर्निस शाळेत त्याच्या मागच्या बाकावर बसायची. तेव्हापासून तिने त्याची भीड ठेवली नव्हती.

"गुडघा लोखंडी झाला म्हणे. चुंबकाला चिकटतो का?"

"मचाण दाखव."

"शिडीचं घे," बर्निस म्हणाली. "झाडाला टेकवायचं, पायऱ्या चढायच्या, बसायचं. तुझ्या वयाला शोभतं."

"जड असतं. एकदा लावलं की तिथंच. हरणांनी वाट बदलली की आपण बसलोय पोस्टाच्या पेटीसारखे."

"मग टांगतं घे. पट्ट्याने खोडाला बांधायचं. पण खोडाला पायखुंट्या ठोकाव्या लागतील, आणि एका पायावर तोल सांभाळत ते बांधावं लागेल. लोखंडी पायावर." तिने मागे बोट दाखवलं. "तिपाईवालं आहे, झाडच लागत नाही त्याला."

पण रॉयची नजर कोपऱ्यात गेली होती. तिथे चढतं मचाण उभं होतं. दोन तुकडे, वरचा बसायला आणि खालचा उभं राहायला. दोन्हींना खोडाला मिठी मारणारे पट्टे आणि पट्ट्यांना दात. बसायचं, पायांनी खालचा तुकडा ओढून घ्यायचा, उभं राहायचं, हातांनी वरचा सरकवायचा. सुरवंट चढतो तसं. पाठीवर घेऊन हवं तिथे जावं, हव्या त्या झाडावर चढावं. रॉयच्या छातीत पोरासारखं धडधडायला लागलं.

"ते नको," बर्निस एकदम हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या कॅम्पवरच्या तौनोचं तसलंच होतं."

रॉयने तेच घेतलं. सोबत नारिंगी रंगाची नवी दोरी घेतली. घरी येऊन मचाण ताडपत्रीखाली लपवलं आणि बायकोला, मार्लिसला, सांगितलं की शिडीचं आणलं.

"माझ्या गळ्याची शपथ?" मार्लिसने विचारलं.

"मचाणासाठी गळा कशाला मध्ये आणतेस?" रॉय म्हणाला. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला उत्तर न देता उत्तर देता येतं.

दोन तुकड्यांच्या मचाणाला एकच धोका असतो. खालच्या तुकड्यावरचं वजन नीट राहिलं नाही की त्याचे दात सुटतात आणि तो खाली पडतो. वरचा माणूस तसाच राहतो, खुर्चीत, पाय लोंबकळत. छातीचा पट्टा त्याला पडू देत नाही, आणि गुळगुळीत खोड त्याला उतरू देत नाही. म्हणून दोन्ही तुकडे एकमेकांना दोरीने बांधायचे, की पडला तुकडा ओढून घेता येतो. एवढीशी गोष्ट. पण तिच्यासाठी कॅम्पमध्ये तौनो होता. रोज बाहेर पडताना तो दारात उभा राही आणि प्रत्येकाला विचारी, "दोरी?" प्रत्येकाने म्हणायचं, "बांधली." शिडीवाल्यांनीसुद्धा. त्याशिवाय तो दारातून हलत नसे. बुटांना लावलेल्या पाइनच्या डांबराचा त्याचा वास दारातच दरवळत राही.

विचारणाऱ्याला मात्र कोणी विचारत नसे. मागच्या नोव्हेंबरात, बंदुकीच्या हंगामात, तौनो कोणत्या बाजूला गेला हे कोणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सापडला. ओढ्याकाठच्या उंच ॲस्पेनच्या झाडावर, खुर्चीत ताठ बसलेला, मिशांवर दंव. मचाणाचा खालचा तुकडा झाडाच्या बुंध्याशी पडला होता.

मेलेल्या माणसाच्या झाडाला एक हंगाम विश्रांती द्यायची, असा कॅम्पचा रिवाज होता. आणि इथेच रॉयच्या डोक्यातला कारकून जागा झाला.

"तौनो गेला बंदुकीच्या हंगामात," ऑक्टोबरात कॅम्पवर पोचल्या पोचल्या तो लेस्टरला म्हणाला. "तो हंगाम संपला. आता धनुष्याचा लागला. म्हणजे दुसरा हंगाम. झाडाची विश्रांती झाली."

लेस्टर बटाटा-मांस भरलेली पास्टी खात होता. तोंडातला बटाटा त्याने तसाच ठेवला. "हंगाम म्हणजे वर्ष रे, शहाण्या."

"लिहिलंय कुठे?"

"प्रत्येकाच्या डोक्यात लिहिलंय. तुझ्याही."

"त्या झाडाखालून हरणांची वाट जाते. खोड पट्टीने आखल्यासारखं सरळ. एक फांदी नाही मध्ये."

"रॉय." लेस्टरने पास्टी खाली ठेवली. "तिकडे जाऊ नकोस."

"बरं बाबा. शिडीवर बसतो."

दुपार कलताना रॉय मचाण पाठीवर घेऊन निघाला तो सरळ ओढ्याकडे.

काय दिवस होता! मेपलची पानं पायाखाली चुरचुरत होती, हवा अशी कोरडी आणि गार की श्वास घेतला की दात शिवशिवावेत. ओढ्याजवळ एका कोवळ्या झाडाची साल शिंगांनी ओरबाडलेली दिसली. रॉयने हात लावला. ओली होती. मांडीएवढं खोड असं सोलणारा नर केवढा असेल! त्याने नव्या गुडघ्याला मनातल्या मनात शाबासकी दिली, कारण तो एकदाही कुरकुरला नव्हता.

ॲस्पेन तसाच उभा होता, फिका, उंच. त्याच्या सालीवर तौनोच्या मचाणाच्या दातांच्या जुन्या खुणा वर वर गेल्या होत्या, काळ्या पडलेल्या. रॉयने मचाणाचे दोन्ही तुकडे खोडाला अडकवले. नारिंगी दोरी हातात घेतली. तेवढ्यात ओढ्यापलीकडे काटकी मोडली.

रॉय थिजला. पुन्हा आवाज नाही. पण तिथे काहीतरी आहे, मोठं आहे, आणि याच बाजूला येणार आहे! दोरी जाकिटाच्या खिशात गेली. छातीचा पट्टा बांधला, मागून वर ओढून घ्यायला धनुष्य सुतळीला लावलं आणि तो चढू लागला. चर्र... खट्ट. चर्र... खट्ट. सुरवंट साठीचा होता, पण झपाट्याने चढत होता. तौनो जिथे थांबला होता, तिथवर जुन्या खुणा होत्या. रॉयही तिथेच थांबला. धनुष्य वर ओढून घेतलं आणि बसला.

खाली जग लहान झालं होतं. वर कोणी स्ट्यूचं विचारत नव्हतं.

उन्हं झाडांच्या शेंड्यांवरून उतरली. ओढ्यावरून गारवा वर येऊ लागला आणि खोडांमधल्या सावल्या एकमेकींत मिसळायला लागल्या. तेव्हा तो आला.

आधी शिंगं दिसली. हलणारं झुडूप असावं तशी. मग काळसर मान, मग सगळा देह. इतका मोठा नर रॉयने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच्या कानात स्वतःचंच रक्त धपधपत होतं. तो इंच-इंच करत उभा राहिला, बाण लावला. नर वाटेवरून चालत आला, अगदी टप्प्यात, आणि थांबला.

मग त्याने मान उचलून वर पाहिलं.

त्याने रॉयला पाहिलं म्हणावं, तर रॉय हलला असायला हवा होता आणि नर पळायला हवा होता. दोन्ही झालं नाही. रॉयच्या हळूहळू लक्षात आलं की नर त्याच्याकडे बघतच नाहीय. त्याच्या डोक्यावरून, झाडाच्या शेंड्याकडे बघतोय.

रॉयने न राहवून मान मागे टाकली. वर फिकं खोड निमुळतं होत गेलेलं, थोडी पिवळी पानं. बाकी काही नाही. पण मान मागे टाकताना टाचा उचलल्या गेल्या, आणि पायांखाली काहीतरी करकरलं.

खालचा तुकडा सुटला.

रॉय धपकन खुर्चीत बसला. पाय हवेत. धनुष्य हातातून निसटलं आणि खाली पाचोळ्यात पडल्याचा आवाज आला. त्याच क्षणी त्याला खिशातली दोरी आठवली. शिडीवर बसतो असं त्याने लेस्टरला सांगितलं होतं. बायकोला शिडी. साऱ्या जगाला शिडी. तो कुठे आहे हे एकाही जिवंत माणसाला ठाऊक नव्हतं.

मग आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. धनुष्य पडल्याचा आवाज आला होता. मचाणाचा तुकडा पडल्याचा आला नव्हता.

तो कान देऊन बसला. खाली आता काळोख साचला होता, बुंधा दिसत नव्हता. नर कधी गेला तेही कळलं नव्हतं. वारा पडला होता. ॲस्पेनची पानं एरवी उगाचच सळसळतात, तीसुद्धा गप्प होती.

चर्र... खट्ट.

खालून.

चर्र... खट्ट.

रॉयने खुर्चीचे दांडे घट्ट धरले. आवाजाला घाई नव्हती. रोजच्या कामाला निघालेल्या माणसासारखा तो एका लयीत वर येत होता. प्रत्येक 'खट्ट'बरोबर खोडातून एक बारीक थरथर येई आणि रॉयच्या पाठीला लागे. मग वास आला. पाइनच्या डांबराचा.

"लेस्टर...?" तो कुजबुजला. लेस्टर नाही हे त्याला ठाऊक होतं.

बुटांच्या तळव्यांना मचाणाचं लोखंड टेकलं. अलगद, पण पक्कं. झोपलेल्या पोराच्या पायाखाली उशी सारावी तसं. रॉय हलला नाही. खोडाच्या पलीकडच्या अंगाने कोणीतरी चाललं होतं. कापडाची सळसळ, थकलेला एक श्वास, आणि कानाजवळून गेलेला असा गारवा की डोळ्यांत पाणी यावं. मग ते वर गेलं. चर्र... खट्ट. डोक्याच्या वर. आणखी वर. आणि तिथून, कॅम्पच्या दारात ऐकू यायचा तसाच, जाड, जरासा घोगरा आवाज आला.

"दोरी...?"

रॉयचं तोंड आपोआप उघडलं. चाळीस हंगामांची सवय होती ती.

"बांधली," तो म्हणाला.

मग पुन्हा चर्र... खट्ट, चर्र... खट्ट, जिथे खोड मनगटाएवढं बारीक होतं तिथे, त्याच्याही वर. झाडाचा शेंडा जरासुद्धा वाकला नाही.

रॉय कसा उतरला ते त्याला नीट सांगता येत नाही. खालचा तुकडा पायांना घट्ट साथ देत होता एवढंच तो सांगतो. जमिनीवर आल्यावर त्याने कपाळाचा दिवा लावला. दोन्ही तुकडे एकमेकांना बांधलेले होते. काळ्या, जुन्या, डांबर चोपडलेल्या दोरीने, दुहेरी गाठीने. त्याने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

कॅम्पच्या दारात लेस्टर स्ट्यूचा डाव घेऊन उभा होता. रॉयचा चेहरा पाहून त्याने थट्टा गिळली. सगळं ऐकून घेतलं, त्याला शेकायला सौनाच्या गरम खोलीत बसवलं आणि म्हणाला, "सकाळी बघू. तू घाबरून कुठलीतरी दोरी..."

सकाळी दोघे गेले. रॉय बसला होता तिथवर त्याच्या खुणा होत्या. त्याच्याही वर आणखी ताज्या खुणा होत्या, अजून रस पाझरणाऱ्या, थेट शेंड्यापर्यंत. लेस्टरने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"तिथे चिमणी बसली तरी वाकेल रे ते," तो शेवटी म्हणाला.

"काय आहे तिथे?"

लेस्टरने दुर्बीण त्याच्या हातात दिली. शेंड्याला नारिंगी दोरी बांधलेली होती. दुहेरी गाठ. एक टोक खाली लोंबत होतं.

रॉयने आपणहून पेन्शनर पेटी घेतली. एकाच संध्याकाळी वापरलेलं मचाण बर्निसने परत घेतलं नाही. दात झिजले आहेत, इतकी वर्षं वापरलेला माल मी परत घेत नाही, असं ती म्हणाली. मार्लिसने मचाण झाकलेली ताडपत्री घडी करून त्याच्या हातात ठेवली, तेच जास्त लागलं. स्ट्यूत आधी गाजर घालतात हे आता रॉयला माहीत आहे. दारात उभं राहून विचारण्याचं कामही त्याच्याकडे आलं आहे, आणि त्यात तो फार कडक आहे. लेस्टर बाहेर पडताना रॉयलाही विचारतो. स्वयंपाक्याला कसली दोरी, असं त्याला कोणी म्हणत नाही.

झाडाची विश्रांती एक वर्षाची की एक हंगामाची, हा वाद संपला. रॉय म्हणतो, कायमची. पण बंदुकीच्या हंगामात ओढ्याकाठून जाताना लेस्टरला दोरी दिसली ती शेंड्याला नव्हती, त्याहून बरीच खाली, रॉय बसला होता तिथे होती. नाताळापूर्वी दोघे बर्फातून मुद्दाम बघायला गेले. दोरी आणखी खाली आली होती, गाठ तीच, दुहेरी. बर्फावर माणसाचं पाऊल नव्हतं. रॉयने नुसता हात वर केला, तर लोंबणारं टोक त्याच्या बोटांना लागलं.